पंखा चालू, वाटीत पाणी, तरी बजी दगावली : उन्हाळ्यात पिंजरा ठेवावा तरी कसा?

स्लॅबखालची खोली (अकोला) : १४ मे, रात्री ९.४०

सर्वांना नमस्कार. आमचे घर दुमजली इमारतीच्या वरच्या मजल्यावर आहे. डोक्यावर थेट स्लॅब आहे आणि ज्या खोलीत पक्षी असतात तिची एकुलती एक खिडकी पश्चिमेला उघडते. आमच्याकडे कॉकाटेलची (डोक्यावर तुरा असलेल्या लहान पोपटांची) एक जोडी आणि सात बजरीगर, म्हणजेच बजी, होते (बाजारात ज्यांना सरसकट लव्हबर्ड म्हणून विकतात, तेच). सोमवारपासून बजरीगर सहा राहिले आहेत.

त्या दिवशी सकाळी साडेनऊला मी कार्यालयात जाण्यापूर्वी पिंजरा नेहमीप्रमाणे छताच्या कडीला टांगला, छताचा पंखा पूर्ण वेगात ठेवला, दोन वाट्या पाणी भरले आणि कुणीतरी सुचवल्याप्रमाणे एक सुती चादर भिजवून पिंजऱ्याला चारही बाजूंनी गुंडाळली. सव्वाचारला परत आले तेव्हा चादर खडखडीत वाळलेली होती, पंखा तसाच फिरत होता आणि फिकट निळी मादी पिंजऱ्याच्या तळाशी मरून पडली होती. ती गेले दहा दिवस मडक्यात चार अंड्यांवर बसत असे. उरलेले पक्षी चोची उघड्या टाकून बसले होते. पंख अंगापासून असे दूर धरलेले, की जणू काखेत काहीतरी धरले आहे आणि ते अंगाला लागू द्यायचे नाही. एकाचाही आवाज नव्हता, आणि एरवी किलबिलाटाने डोके उठवणाऱ्या पक्ष्यांची ती शांतता मला अजून विसरता येत नाही.

वारा, पाणी आणि ओली चादर या तिन्ही गोष्टी असताना चूक नेमकी कोठे झाली, हे मला समजून घ्यायचे आहे. हॉलमध्ये कूलर आहे. पिंजरा तेथे हलवावा काय? दिवसातले सात तास घरी कोणी नसते आणि दुपारी तासभर लाइन जाते, हेही लक्षात घेऊन कृपया सांगावे.


बोरीचे झाड (यवतमाळ) : १४ मे, रात्री १०.१५

ताई, वाचून फार वाईट वाटले. आमच्या आजीच्या काळापासून उन्हात जाताना खिशात कांदा ठेवण्याची पद्धत आहे, आणि आमच्या ओळखीचे एक गृहस्थ उन्हाळाभर पिंजऱ्यात कांद्याची चकती ठेवतात व पाण्यात ग्लुकोज घालतात. त्यांचे पक्षी ठीक आहेत. करून पाहण्यास हरकत नसावी.


निवृत्त पशुवैद्य (वर्धा) : १५ मे, सकाळी ६.५०

आधीच्या प्रतिसादातील सल्ला सद्भावनेने दिलेला आहे, परंतु तो आजच अमलात येण्याची भीती असल्यामुळे पहिल्यांदा त्याविषयीच लिहितो. कांदा आणि लसूण पक्ष्यांना खाऊ घालू नयेत. त्यांतील गंधकयुक्त द्रव्यांमुळे रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. बजी हा पक्षी पिंजऱ्यात ठेवलेली प्रत्येक वस्तू कुरतडून पाहतो, त्यामुळे कांद्याची चकती तो नुसती हुंगून सोडून देणार नाही. ग्लुकोजचे पाणी या तापमानात काही तासांत आंबते आणि त्यात जंतू वाढतात, म्हणून दिवसभराच्या वाटीत ते कधीही भरून ठेवू नये. वाटीत साधे, स्वच्छ पाणीच असावे.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. पंख्याखाली आपल्याला गार वाटते ते मुख्यतः अंगावरचा घाम वाळतो म्हणून. पक्ष्याच्या कातडीत घामाच्या ग्रंथीच नसतात. हवा त्याच्या अंगापेक्षा पुरेशी गार असेल, तर वारा त्याच्या अंगातील थोडी उष्णता वाहून नेतो, एवढाच पंख्याचा उपयोग. पक्ष्याच्या शरीराचे तापमान मुळातच ४० ते ४२ अंशांच्या आसपास असते. अकोल्यासारख्या ठिकाणी मे महिन्याच्या दुपारी स्लॅबखालची हवा त्या आकड्याला जाऊन भिडली, की पंखा काहीच वाहून नेत नाही; आणि ती त्यापुढे गेली, तर तोच पंखा लोहाराच्या भात्यासारखा पक्ष्यावर उष्णता फुंकू लागतो. छताचा पंखा तर छतालगतची, म्हणजे खोलीतील सर्वांत तापलेली हवा खाली ढकलतो, आणि आपला पिंजरा नेमका तेथेच, कडीला टांगलेला होता.

अशा वेळी पक्ष्याजवळ मुख्य उपाय उरतो, तो म्हणजे चोच उघडून धापा टाकणे. तोंड, घसा आणि श्वासमार्ग यांतील ओलावा वाफ होऊन जातो आणि जाताना उष्णता घेऊन जातो. आपल्या घरातील माठ पाझरून गार होतो, तसाच हा प्रकार आहे. फरक इतकाच, की माठात दहा लिटर पाणी असते आणि बजीचे सगळे वजनच पस्तीस-चाळीस ग्रॅम. त्यातून साडेतीन ग्रॅम पाणी गेले, तरी वजनाचा दहावा हिस्सा गेल्यासारखे आहे. हे पाणी त्याने पिऊन भरून काढले पाहिजे, पण टांगलेल्या पिंजऱ्यातील लहान वाटीतले पाणी दुपारी इतके तापते, की पक्षी ते पिण्यास नाखूश असतो.

चादरीची कल्पना मुळात चुकीची नव्हती. ती चारही बाजूंनी गुंडाळणे चुकीचे होते. ओली होती तोवर तिने आतली हवा कोंडली, पक्ष्यांच्या श्वासातील वाफ आतच राहिली, आणि हवा दमट झाली की धापा टाकूनही फारसे काही साधत नाही. पुढे ती वाळली तेव्हा तिची गोधडी झाली. ज्या मादीच्या बाबतीत हे घडले ती अंड्यांवर बसणारी होती, यात मला आश्चर्य वाटत नाही. मडक्याच्या आत वारा जात नाही, आणि बसलेली मादी सहसा अगदी असह्य होईपर्यंत बाहेर येत नाही.


ताटीवाला (अमरावती) : १५ मे, सकाळी ८.०५

डॉक्टरसाहेबांनी कारण सांगितले आहे. मी फक्त मांडणीबद्दल लिहितो. गेली अठरा वर्षे माझ्याकडे बजी, झेब्रा फिंच आणि कॉकाटेल आहेत, आणि पहिल्या दोन उन्हाळ्यांत आपल्यासारखेच धडे मीही घेतले आहेत.

ताई, पिंजरा आज संध्याकाळीच खाली घ्या. ज्या खोलीवर दिवसभर ऊन पडते तिच्यात कडीपाशी आणि जमिनीपाशी हवेत चार-पाच अंशांचा फरक सहज पडतो. जमिनीपासून हातभर उंचीच्या स्टुलावर पिंजरा ठेवावा आणि स्टुलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत, म्हणजे मुंग्या चढणार नाहीत. मांजर येत असेल तर खोलीचे दार बंद राहिले पाहिजे.

कूलरच्या खोलीत पिंजरा जरूर हलवा. आपल्याकडे मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते, की साधा ताटीचा कूलर खोली दहा-बारा अंशांनी उतरवू शकतो. मात्र तीन गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. कूलरचा झोत थेट पिंजऱ्यावर नसावा; तो समोरच्या भिंतीवर आपटून पसरावा. कूलरसमोरच्या बाजूची एक खिडकी चार बोटे उघडी ठेवावी, कारण हवा बाहेर पडली नाही तर दोन तासांत खोलीत नुसता ओलावा साचतो. आणि गेल्या वर्षीच्या ताट्या पुन्हा वापरू नयेत. पावसाळाभर ओल्या राहिलेल्या गवतावर काळी-हिरवी बुरशी धरलेली असते, कूलर सुरू केला की तिचे कण खोलीभर उडतात, आणि पक्ष्यांच्या फुप्फुसांना व हवेच्या पिशव्यांना होणारा बुरशीचा आजार फार चिवट असतो. वाळ्याच्या नव्या ताट्या थोड्या महाग पडतात, पण माझ्या मते त्या घ्याव्यात. टाकीतले पाणीही दोन-तीन दिवसांनी पूर्ण काढून टाकावे.

मडकी आजच काढून टाका. एप्रिल ते जून या काळात मी एकही जोडी लावत नाही. अंडी वाया गेल्याचे दुःख होते हे खरे, पण या दिवसांत निघालेली पिल्ले बहुधा मडक्यातच भाजून निघतात, आणि त्यांना भरवता भरवता आईबापही खंगतात. आपल्या मडक्यातली चार अंडी तर आता निरुपयोगी झालेली असणार.

पाण्यासाठी प्लॅस्टिकच्या वाट्यांऐवजी मातीची परळे वापरा, निदान तीन, आणि त्यांतले एक पसरट असू द्या, म्हणजे पक्षी त्यात उतरून आंघोळ करतील. मातीचे परळ पाझरते म्हणून त्यातले पाणी गार राहते. ते ब्रशने रोज घासावे लागते, कारण पाझरणाऱ्या मातीवर शेवाळही लवकर धरते.

जमल्यास गच्चीवर चुन्याचे दोन हात मारून घ्या. पांढऱ्या गच्चीखालची खोली संध्याकाळी किती लवकर निवते, हे अनुभवल्याशिवाय पटणार नाही.


डोंबिवलीची गॅलरी : १५ मे, सकाळी ११.३०

ताटीवाल्यांचा प्रत्येक शब्द विदर्भासाठी बरोबर आहे. पण हा धागा किनाऱ्याकडचे लोकही वाचतील म्हणून सांगते, की आमच्याकडे याच सल्ल्याने नुकसान होते. आमच्याकडे पारा पस्तीस-छत्तीसच्या पुढे क्वचितच जातो, मात्र हवेत आधीच इतका दमटपणा असतो की माठसुद्धा नावापुरताच गार होतो. येथे कूलर लावला तर खोली गार होत नाही, फक्त ओली होते, आणि धापा टाकणाऱ्या पक्ष्याची आणखीच पंचाईत होते. आम्हांला समोरासमोरच्या दोन खिडक्या, भिंतीवरचा पंखा मंद वेगात आणि अगदी असह्य दिवशी वातानुकूलन हेच उपाय उरतात. वातानुकूलन सव्वीस-सत्तावीस अंशांवर ठेवावे, झोत पिंजऱ्यापासून दूर असावा. अठरा अंशांच्या खोलीतून पिंजरा एकदम गॅलरीत आणि गॅलरीतून पुन्हा खोलीत, असे करू नये. आमची हवा फार गरम नसल्यामुळे वाऱ्याचा उपयोग येथे होतो, हे डॉक्टरसाहेबांच्या विवेचनाशी जुळतेच. छताचा पंखा चालू असताना मात्र पक्षी पिंजऱ्याबाहेर सोडू नये. पात्याचा फटका बसून पक्षी गेल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

आणखी एक गोष्ट उन्हाळ्यात विशेष करून घडते. गारवा टिकावा म्हणून खिडक्या बंद केलेल्या असतात आणि स्वयंपाकघर शेजारीच असते. न चिकटणारा तवा रिकामा राहून फार तापला, तर त्याच्या लेपातून निघणारा वायू पक्ष्याला काही मिनिटांत मारू शकतो, आणि माणसाला त्याचा वासही येईलच असे नाही. डासांची कॉइल आणि उदबत्तीही बंद खोलीत पक्ष्याजवळ नको.


स्लॅबखालची खोली (अकोला) : १५ मे, रात्री ८.५५

सर्वांची मी अत्यंत ऋणी आहे. पिंजरा हॉलमध्ये स्टुलावर आणला आहे, मडके काढले आहे, परळे उद्या बाजारातून आणीन. कॉकाटेलमधील नराचा तुरा आज दुपारीही अगदी डोक्याला चिकटलेला होता आणि अंगाची पिसे इतकी चापून बसलेली, की पक्षी निम्माच वाटत होता. धाप लागलेली दिसल्यास लगेच काय करावे? काल मी घाबरून नळाखाली ओंजळ धरली, तर दुपारी दोन वाजता गच्चीवरच्या टाकीचे पाणी हाताला चटका बसेल इतके तापलेले होते. फ्रीजमधले पाणी चालेल काय?


निवृत्त पशुवैद्य (वर्धा) : १५ मे, रात्री ९.३०

फ्रीजमधले पाणी आणि बर्फ दोन्ही नको. अतिगार पाण्याने कातडीतील रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे आतली उष्णता बाहेर येणेच थांबते, शिवाय घाबरलेल्या पक्ष्याला तो धक्का सहन होत नाही. माठातले पाणी सर्वांत योग्य. ते फवाऱ्याच्या बाटलीत भरून आताच पिंजऱ्याजवळ ठेवून द्या, कारण गरजेच्या वेळी बाटली शोधण्यात जी दोन मिनिटे जातात ती फार मोलाची असतात.

पिसांवरून पाण्याचे थेंब मोत्यांसारखे ओघळून जातात आणि आपल्याला वाटते की पक्षी भिजला. खरे म्हणजे पाणी कातडीपर्यंत पोहोचले पाहिजे. म्हणून फवारा पंखांच्या खालच्या बाजूला आणि पायांवर मारावा. पायांवर पिसे नसल्यामुळे तेथून उष्णता चटकन निघून जाते. पक्षी भिजल्यानंतर मात्र पंखा मंद वेगाने जरूर लावा, कारण आता त्याच्या अंगावर घामाचे काम करणारे पाणी आहे. त्या दिवशीचा कोरड्या पक्ष्यावरचा पंखा आणि हा पंखा यांत मोठा फरक आहे. धाप थांबली, पंख अंगाला लागले, की भिजवणे थांबवावे.

पक्ष्याला हातात धरावे लागले तर छाती अजिबात दाबू नये. पक्ष्यांना आपल्यासारखे श्वासपटल (छाती आणि पोट यांमधला स्नायूचा पडदा) नसते. छातीचे हाड पुढे-मागे हलले तरच हवा आत-बाहेर होते. घट्ट मुठीत धरलेला पक्षी तोंड उघडे असूनही गुदमरतो. तसेच ड्रॉपरने चोचीत पाणी सोडू नये. श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या अगदी मागेच असते आणि धाप लागलेल्या पक्ष्याला गिळता येत नाही. बोट पाण्यात बुडवून चोचीच्या कडेला लावा. शुद्धीत असेल तर तो स्वतः जिभेने थेंब ओढून घेईल. पक्षी तोल जाऊन पडत असेल, मान टाकत असेल किंवा झटके येत असतील, तर भिजवत भिजवतच पशुवैद्याकडे न्यावा, आणि सावरल्यासारखा दिसला तरी पुढचे एक-दोन दिवस लक्ष ठेवावे, कारण आतील अवयवांना झालेली इजा उशिरा प्रकट होऊ शकते.

पहाटेच्या गारव्यातही एखादा पक्षी शेपूट खालीवर हलवत श्वास घेताना दिसला, तर तो उष्म्याचा परिणाम समजू नये. ते बहुधा श्वसनाच्या आजाराचे लक्षण असते.


ताटीवाला (अमरावती) : १६ मे, सकाळी ७.२०

लाइन जाण्याचा प्रश्न राहिला होता. प्लॅस्टिकच्या दोन बाटल्या रात्री बर्फाच्या कप्प्यात गोठवाव्यात आणि निघताना जाड टॉवेलमध्ये गुंडाळून पिंजऱ्याच्या एकाच बाजूला, बाहेरून टेकवून ठेवाव्यात. पक्ष्याला गार वाटले तर तो दुसऱ्या टोकाला सरकतो, म्हणून दोन्ही बाजूंना ठेवू नयेत. पिंजऱ्याच्या मागे, वीतभर अंतर सोडून, ओले गोणपाट टांगावे. गोणपाट चादरीपेक्षा कितीतरी अधिक वेळ ओले राहते, आणि त्याचे खालचे टोक पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवले तर पाणी आपोआप काही प्रमाणात वर चढत राहते. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून हिरवी जाळी लावावी. आतला पडदा ऊन अडवतो, पण तोपर्यंत काच तापलेली असते.

खाद्याबाबत एवढेच, की भिजवलेले मूग, मोड आलेली कांगणी, उकडलेले अंडे हे सकाळी सातला देऊन नऊला काढून घ्यावे; त्यानंतर ते नासते. काकडी आणि टरबुजाची फोड चालते, तीही त्याच वेळात. सूर्यफुलाचे बी उन्हाळ्यात अगदी कमी करावे. चरबी चढलेल्या पक्ष्याला उष्मा फार लवकर लागतो.


नवा सदस्य (वाशिम) : १६ मे, सकाळी ९.१०

आमच्या ओसरीवर शेजाऱ्यांनी दिलेला राघू आहे. त्यालाही हेच उपाय चालतील काय? आणि उन्हाळ्यापुरते पक्षी मोकळे सोडून दिले तर ते स्वतःच सावली शोधणार नाहीत काय?


निवृत्त पशुवैद्य (वर्धा) : १६ मे, दुपारी १.००

उष्म्याचे उपाय तेच आहेत. मात्र आपले देशी राघू पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे, तेव्हा वन विभागाशी बोलून तो पक्षी त्यांच्याकडे द्यावा. त्याला स्वतः उडवून देऊ नका, आणि बजी किंवा कॉकाटेल तर कदापि सोडू नका. हे ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातले पक्षी असल्यामुळे त्यांना ऊन सोसते, असा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. तेथे ते मोठ्या थव्याने पाणी शोधत फिरतात आणि दुपार झाडांच्या सावलीत काढतात; तरीही १९३२ च्या उष्णतेच्या लाटेत तेथे बजरीगर हजारोंनी मेल्याची नोंद आहे. पिंजऱ्यात वाढलेल्या पक्ष्याला पाण्याची वाटी सोडून दुसरे पाणी ठाऊकच नसते.


स्लॅबखालची खोली (अकोला) : २८ मे, रात्री १०.०५

नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) सुरू होऊन चार दिवस झाले, म्हणून कळवते. शंभर-सव्वाशे रुपयांचे दोन साधे तापमापक आणले. रविवारी दुपारी तीनला जुन्या खोलीत कडीपाशी ४२ आणि जमिनीलगत ३७ अंश होते, तर हॉलमध्ये स्टुलावर, कूलर चालू असताना, ३०. लाइन गेल्यावर पाऊण तासात तेथला आकडा ३४ झाला. गोणपाट आणि बाटली दोन्ही होते, पक्षी बाटलीकडच्या दांडीवर ओळीने येऊन बसले, पण चोच एकानेही उघडली नाही. जाळी लागली आहे. चुना अजून राहिला आहे, कारण गच्ची सामाईक आहे आणि खालच्यांची संमती मिळायची आहे.

पसरट परळाकडे पहिले दोन दिवस कोणी फिरकले नाही. तिसऱ्या दिवशी मी त्यात कोथिंबिरीची ओली जुडी टाकली, तेव्हा एक हिरवा नर आधी पानांवर लोळला आणि मग पाण्यात उतरला. आता सकाळी त्या परळासाठी भांडणे होतात. कॉकाटेलना आंघोळ आवडत नाही, त्यांना फवाराच मारावा लागतो, आणि त्या वेळी नर पंख पसरून, तुरा ताठ उभा करून उलटा लटकतो.

एक शंका राहिली आहे. मृगाचा पाऊस पडला की कूलर बंद करावा लागेल, हे डोंबिवलीच्या ताईंच्या लिहिण्यावरून समजले. पहिल्या सरीनंतर लगेच की काही दिवस थांबून?


ताटीवाला (अमरावती) : २९ मे, सकाळी ६.४०

ताई, तारखेवर जाऊ नका. कूलर चालू असताना खोलीतल्या भिंतीला हात लावून पाहा. हाताला ओल जाणवू लागली आणि तापमापक पहिल्यासारखा उतरेनासा झाला, की टाकीतले पाणी काढून टाका आणि नुसता पंखा चालवा. आमच्याकडे बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या चांगल्या सरीनंतर ही वेळ येते. ताट्या त्याच दिवशी काढून उन्हात टाकायला विसरू नका.